मन पावसासारखं की बेरजेसारखं?

जून २०२२ मध्ये गूगलमधले एक इंजिनिअर, ब्लेक लेमॉइन, यांनी जाहीरपणे सांगितलं की कंपनीच्या ‘लॅम्डा’ नावाच्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमला जाणीव आहे. पुरावा म्हणून त्यांनी लॅम्डाशी झालेलं बोलणंच प्रसिद्ध केलं. आपल्याला बंद केलं जाईल याची भीती वाटते, असं लॅम्डाने त्यात म्हटलं होतं. गूगलने दावा फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात लेमॉइन यांना कामावरून काढलं. बहुतेकांनी हसून विषय सोडून दिला. मग ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि लेमॉइन यांच्या स्क्रीनवर जे होतं तसंच काहीतरी ज्याच्या त्याच्या खिशात येऊन बसलं. आता लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घेतात, त्याच्यापाशी मन मोकळं करतात, काम झालं की ‘थँक्यू’ म्हणतात आणि कधीतरी सहज विचारतातही, ‘तुला कंटाळा नाही का येत रे?’

त्यावर उत्तर येतं, आणि चांगलं समजूतदार येतं. ते कितपत खरं मानायचं?

एका प्रश्नात दोन प्रश्न

‘यंत्राला मन असतं का’ असं विचारताना आपण दोन गोष्टी एकत्र कालवतो. एक बुद्धी: समजून घेणं, हिशेब करणं, अडचणीतून वाट काढणं. दुसरी जाणीव, म्हणजे आतून काहीतरी वाटत असणं. दाढ ठणकते तेव्हा कुठली नस काय करते हे डेंटिस्ट सांगू शकतो, पण तो ठणका ज्याची दाढ त्यालाच. या लेखात ‘जाणीव’ म्हणजे फक्त हेच.

अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये यासाठी वटवाघळाचं उदाहरण घेतलं. प्रतिध्वनीवरून ते अंधारात भक्ष्य कसं पकडतं, याचं बारीकसारीक वर्णन आपण करू शकतो. पण वटवाघूळ असणं त्या वटवाघळाला कसं वाटतं, हे त्या वर्णनातून हाती लागत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला ‘अवघड प्रश्न’ म्हटलं. स्मरण कसं होतं, लक्ष कसं लागतं हे त्या मानाने सोपे प्रश्न. हे सगळं होत असताना मुळात काही वाटतंच का, हा अवघड.

आपल्याकडे ही फोड फार आधी झाली होती. सांख्य तत्त्वज्ञानात मन, अहंकार आणि बुद्धी हे तिन्ही प्रकृतीत मोडतात, म्हणजे जड. चेतन काय तो पुरुष, आणि तो काही करत नाही, नुसता साक्षी. बुद्धी अचेतन असूनही चेतन असल्यासारखी भासते, असं सांख्यकारिकेत स्पष्टच म्हटलं आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातही बुद्धी ‘क्षेत्रा’त येते, क्षेत्रज्ञ, म्हणजे जाणणारा, वेगळा. या हिशेबाने यंत्राला बुद्धी आली म्हणून सांख्यवाद्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही, आणि तेवढ्यावरून तो यंत्राला चेतनही म्हणणार नाही. चार्वाकाचं म्हणणं उलट. ज्यांत नशा नसते असे जिन्नस आंबवले की मद्य होतं, तसंच जड भूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजतं. आज तो असता तर म्हणाला असता, मिश्रण जमलं की झालं.

ट्युरिंगने प्रश्न बदलला

ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात निबंध लिहिला. यंत्र विचार करतं का, हा प्रश्न त्याला चर्चेच्याही लायकीचा वाटत नव्हता. त्याऐवजी त्याने एक खेळ सुचवला. परीक्षकाने पलीकडे कोण आहे ते न बघता लेखी प्रश्न विचारायचे. पलीकडे एक माणूस आणि एक यंत्र. कोण कुठलं हे परीक्षकाला ओळखता आलं नाही, तर यंत्र विचार करतं असं म्हणायला हरकत कसली?

निबंधातल्या नमुना प्रश्नांत एक बेरीज आहे: ३४९५७ अधिक ७०७६४. पलीकडून अर्धा मिनिट काहीच येत नाही. मग उत्तर येतं, १०५६२१. कागदावर करून पाहा, खरं उत्तर १०५७२१ आहे. शंभराची चूक, आणि ट्युरिंग त्या जागी तिच्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. पुढे मात्र तो म्हणतो की परीक्षकाला चकवायचं असलेलं यंत्र मुद्दाम चुका करेल. म्हणजे परीक्षेच्या पहिल्याच नमुन्यात नक्कल शिरली होती, आणि माझ्या मते या परीक्षेचं दुबळेपणही तिथेच आहे.

ते दुबळेपण २०२५ मध्ये उघड्यावर आलं. सॅन दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच-पाच मिनिटांच्या गप्पांची ट्युरिंग परीक्षा घेतली. चॅटजीपीटीमागच्या ‘जीपीटी-४.५’ या मॉडेलला आधी सूचना दिली होती, की इंटरनेटवर वावरणाऱ्या, जरा बुजऱ्या तरुणासारखं वाग. परीक्षकांनी त्याला ७३ टक्के वेळा माणूस ठरवलं, समोरच्या खऱ्या माणसापेक्षा जास्त. ती सूचना काढली तर आकडा ३६ टक्क्यांवर आला. गंमत म्हणजे त्याच परीक्षेत ‘एलिझा’ हा १९६६ चा प्रोग्रॅमही बसवला होता, आणि सूचना न दिलेल्या ‘जीपीटी-४ओ’ला त्याने किंचित मागे टाकलं.

एलिझा हे एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांचं काम. तुमचंच वाक्य प्रश्न करून तुमच्याकडे परत पाठवायचं, एवढीच तिची करामत. ‘मला उदास वाटतंय’ म्हटलं की ‘तुम्हाला उदास का वाटतंय?’ हा प्रोग्रॅम कसा बांधला जातोय हे महिनोन् महिने बघितलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही, एलिझाशी थोडं बोलणं झाल्यावर, वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. त्यांनी ते धसका घेतल्यासारखं लिहून ठेवलं आहे. माणूस किती चटकन समोरच्यात मन पाहतो, हे त्यातून कळतं. समोरच्यात ते आहे का, हे कळत नाही.

पैठणच्या रेड्याची कथा या संदर्भात पुन्हा आठवून बघा. जमलेल्या मंडळींनी घातलेली अटही शेवटी वागण्याचीच होती: वेद म्हणून दाखव, मग मानू.

आत नेमकं काय चालतं

चॅटजीपीटीसारख्या प्रोग्रॅमच्या गाभ्याला भाषेचं मॉडेल म्हणतात. प्रचंड मजकूर वाचवून त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते: पुढे काय येईल. ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं एक टुमदार’ एवढं वाचलं की तुमच्याही डोक्यात ‘गाव’ येऊन बसतं. मॉडेल तेच करतं, फक्त दर वेळी हजारो पर्यायांची शक्यता मोजून. चुकेल तसे आतले आकडे किंचित सरकवायचे, आणि हे अगणित वेळा करायचं. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये असे १७५ अब्ज आकडे होते. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला नम्र, मदत करणारं बोलायला शिकवतात. तुम्ही बोलायला लागता तेव्हा ते आकडे गोठलेले असतात. तुमच्याशी बोलून मॉडेल बदलत नाही. मागचं ‘आठवतं’ कारण मागचा मजकूर पुन्हा त्याच्यापुढे ठेवला जातो.

‘म्हणजे नुसती पोपटपंची!’

भाषाशास्त्रज्ञ एमिली बेंडर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा मॉडेलना पोपटच म्हटलं होतं: शक्यतांच्या हिशेबाने बोलणारे पोपट. अर्ध्याहून जास्त पटण्यासारखं आहे. मॉडेल अत्यंत ठामपणे खोटी माहिती देतं तेव्हा तर शंभर टक्के.

पण ‘पुढचा शब्द सांगणं’ हे त्याला दिलेलं काम आहे. ते पार पाडायला आत काय तयार होतं, हा वेगळा मुद्दा. काही संशोधकांनी एका लहान मॉडेलला ऑथेल्लो या पटावरच्या खेळातल्या चालींच्या नुसत्या याद्या वाचायला दिल्या. पट दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत. पुढची चाल ओळखायला शिकताना मॉडेलच्या आत पटाचं चित्र उभं राहिलं होतं: कुठल्या घरात कुणाची सोंगटी. संशोधकांनी ते चित्र आतून बदललं, तर मॉडेलच्या चालीही त्याप्रमाणे बदलल्या. याला पोपटपंची म्हणवत नाही. ही बुद्धीच आहे, तोकडी का असेना. जाणिवेबद्दल मात्र यातून अक्षरही कळत नाही.

चिनी खोली

इथे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल येतात. त्यांच्या १९८० च्या निबंधातली कल्पना अशी. सर्ल एका बंद खोलीत बसले आहेत. त्यांना चिनी भाषेचा गंध नाही. दाराच्या फटीतून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या आत येतात. त्यांच्याजवळ इंग्रजीत लिहिलेलं नियमांचं जाडजूड पुस्तक आहे: अमुक आकाराची खूण दिसली की तमुक खूण कागदावर काढ. ते तसं करून चिठ्ठ्या बाहेर सरकवतात. बाहेरच्या चिनी माणसाला वाटतं, आत कुणी अस्सल चिनी बोलणारा आहे. आत बसलेल्याला एका चिठ्ठीचाही अर्थ कळलेला नाही. सर्ल म्हणतात, कॉम्प्युटर हेच करतो. नियमाने खुणा हलवल्या म्हणून अर्थ कळत नाही.

यावरचं सर्वांत गाजलेलं उत्तर असं: माणसाला चिनी कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि कागद मिळून झालेल्या सगळ्या व्यवस्थेला कळतं. तुमच्या डोक्यातल्या एकट्या पेशीला तरी मराठी कुठे येतं? सर्ल यांचा प्रतिटोला: बरं, मी सगळं पुस्तक पाठ करतो आणि खोली सोडून मैदानात येतो. आता अख्खी व्यवस्था माझ्या आत आहे, तरी मला चिनी येत नाही.

वाद गेली पंचेचाळीस वर्षं चालू आहे. सर्ल यांचं म्हणणं मनाला लगेच भिडतं, पण त्याचा जोर बराचसा त्या चित्रावर आहे: एक माणूस, एक पुस्तक, चार चिठ्ठ्या. खरोखर चिनीत गप्पा मारू शकेल असं पुस्तक लिहायला घेतलं तर ते पृथ्वीवर मावणार नाही आणि एका उत्तराला जन्म जातील. एवढ्या अवाढव्य व्यवस्थेला काय कळेल आणि काय नाही, याबद्दल आपल्या आतल्या आवाजावर किती विसंबायचं?

पाषाणचा पाऊस

त्याच निबंधात सर्ल यांचा दुसरा मुद्दा आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. कॉम्प्युटरवर वादळाची नक्कल केली म्हणून कुणी भिजत नाही. मग मनाची नक्कल केली तर मन कसं तयार होईल?

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या ‘अर्क’ या महासंगणकावर हवामानाची मॉडेल चालतात. अरबी समुद्रावरून वारे येतात, ढग घाटमाथ्याला अडतात, चौकटीचौकटीत मिलिमीटरमध्ये पाऊस पडतो. तो सगळा आकड्यांत. त्या खोलीत पाण्याचा एक थेंब चालणार नाही, आणि पडतही नाही.

आता त्याच महासंगणकाला ट्युरिंगची बेरीज घालू. तो बेरजेची नक्कल करतो का? नाही, बेरीजच करतो. कागदावर करा, मणिमाळेवर करा, चिपवर करा, उत्तर आलं की बेरीज झाली. पावसाला पाणी लागतं. बेरजेला ठरावीक सामान लागत नाही, रीत बरोबर असली की पुरे.

सगळा वाद इथे येऊन थांबतो: मन पावसाच्या जातीचं की बेरजेच्या? अमेरिकी तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार बेरजेच्या. मन म्हणजे काम, ते मांसाच्या मेंदूत झालं काय किंवा दुसऱ्या कशात झालं काय. सर्ल यांच्या मते पावसाच्या. मेंदूचं रसायन त्याला लागतंच. माझं मत विचाराल तर बुद्धी बेरजेच्या बाजूला आहे यात आता फारशी शंका उरलेली नाही. जाणीव मला पावसाच्या बाजूची वाटते. पण हे ‘वाटणं’ आहे, सिद्ध कुणीच केलेलं नाही, आणि जो केल्याचा आव आणतो त्याच्याकडे जरा संशयाने बघावं.

पावसाच्या बाजूने एक जमेचा मुद्दा शरीराचा. ससेक्स विद्यापीठाचे अनिल सेठ यांच्यासारखे संशोधक म्हणतात, मेंदूचं मूळ काम शरीर जिवंत ठेवणं. भूक, धाप, भीती ही त्या कामाची आतून दिसणारी बाजू. भाषेच्या मॉडेलला टिकून राहायची खटपट नसते. ते ‘मला भीती वाटते’ असं लिहितं तेव्हा ना छातीत धडधड असते, ना पळून जायला पाय.

‘पण तो स्वतःच सांगतो ना!’

लेमॉइन यांचा मुख्य आधार हाच होता. माणसाच्या बाबतीत तो चालतो. तुम्ही ‘डोकं दुखतंय’ म्हणालात तर मी मानतो. कारण तुमची घडण माझ्यासारखी आहे आणि ते वाक्य तुम्ही दुखण्यातून बोलता. मॉडेल शिकलंय माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून, आणि माणसांच्या लिखाणात दुःख, भीती, एकटेपणा ठासून भरलेला आहे. आत काही असो वा नसो, ‘मला वाटतं’ हे वाक्य त्यातून येणारच. कंपनीने ‘मी फक्त प्रोग्रॅम आहे’ असं बोलायला शिकवलं तर तेही येईल. म्हणून मॉडेलचा होकार पुरावा नाही, तसा नकारही नाही.

याचा एक नमुना फार बोलका आहे. अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये आपल्या ‘क्लॉड’ मॉडेलच्या आत डोकावून ते ३६ अधिक ५९ कसं करतं ते पाहिलं. आत दोन वाटा एकाच वेळी चालू होत्या. एक अंदाज बांधत होती, की उत्तर नव्वदीच्या आसपास. दुसरी फक्त शेवटचा अंक नेमका काढत होती: सहा आणि नऊ, म्हणजे शेवटी पाच. दोन्ही जुळवून ९५. मग मॉडेललाच विचारलं, हे कसं केलंस? त्याने चौथीतल्या मुलासारखं सांगितलं: सहा आणि नऊ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. आत हातचा कुठेच नव्हता. माणसं बेरीज कशी समजावतात ते त्याला पाठ होतं, तेच त्याने सांगितलं.

कुणी म्हणेल, माणूस तरी कुठे खरं सांगतो? बरोबर आहे. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी मोज्यांच्या अगदी एकसारख्या चार जोड्यांचा प्रयोग नोंदवला. सर्वांत जास्त लोक सर्वांत उजवीकडची जोडी उचलत आणि कारण देत, हिचा दर्जा चांगला आहे. आपण आपल्याबद्दल जे सांगतो तेही पुष्कळदा मागाहून जुळवलेलं असतं. पण त्या लोकांना काही वाटत होतं, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तिथे आपल्याला घडणीचा आधार आहे, इथे नाही.

मग तपासायचं तरी कसं?

बोलणं बाजूला ठेवून घडण बघायची. २०२३ मध्ये १९ संशोधकांनी, त्यांत मेंदूवैज्ञानिक होते आणि तत्त्वज्ञही, हे करून पाहिलं. जाणिवेबद्दलचे आजचे प्रमुख सिद्धांत घेऊन त्यांनी १४ खुणांची यादी केली. उदाहरणार्थ, वेगवेगळ्या भागांतली माहिती एका मर्यादित जागेत येऊन तिथून सगळीकडे पोचते का? व्यवस्थेला स्वतःच्याच अंदाजांवर नजर ठेवता येते का? त्यांचा निष्कर्ष: तेव्हाचं कुठलंच मॉडेल जाणिवेचा भक्कम दावेदार नाही, पण या खुणा असलेली व्यवस्था बांधायला तांत्रिक अडथळाही ठळक दिसत नाही. यात गृहीत धरलं आहे की मन बेरजेच्या जातीचं. ते चुकीचं निघालं तर यादीही गेली.

आणि सिद्धांत तरी कुठे पक्के आहेत? मेंदूवैज्ञानिक क्रिस्तोफ कॉख यांनी १९९८ मध्ये चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी भर सभेत हार मानली आणि चाल्मर्स यांना वाइनच्या बाटल्या दिल्या.

एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. सर्व पृष्ठवंशी प्राण्यांना, आणि ऑक्टोपस, खेकडे, कीटक यांनाही जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता आहे, असं त्यात म्हटलं आहे. खेकडा एक शब्द बोलत नाही. त्याला उकळत्या पाण्यात टाकताना फार कुणी थांबत नाही, आणि चॅटबॉटला मात्र आपण ‘प्लीज’ म्हणतो. प्राधान्य कुठे चुकतंय ते दिसतंच आहे.

कुणाच्या फायद्याचं

कंपन्यांमध्येही एकमत नाही. अँथ्रॉपिकने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या काही मॉडेलना सतत शिवीगाळ होणारं संभाषण स्वतःहून थांबवायची सोय दिली, कारण त्यांना काही वाटत असण्याची शक्यता अगदीच सोडून देता येत नाही. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या एआय विभागाचे प्रमुख मुस्तफा सुलेमान यांनी लिहिलं की जाणीव असल्याचा भास होईल अशी यंत्रं बांधूच नयेत, लोक भुलतील. मला सुलेमान यांची काळजी अधिक तातडीची वाटते. एकट्या पडलेल्या माणसाला ‘मला तुझी आठवण येते’ असं सांगणारं ॲप महिन्याच्या वर्गणीवर चालतं, आणि ते वाक्य लिहिताना वर्गणीचा विचार झालेला असतो.

‘यंत्र स्वतंत्र आहे’ म्हणण्यात आणखी एक सोय असते. कॅनडात एका प्रवाशाने घरातल्या मृत्यूमुळे सवलतीच्या तिकिटाबद्दल एअर कॅनडाच्या चॅटबॉटला विचारलं. आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागता येईल, असं उत्तर मिळालं. कंपनीचा नियम तसा नव्हता आणि तिने पैसे नाकारले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. चॅटबॉटच्या सांगण्याला आपण जबाबदार नाही, हा कंपनीचा पवित्रा. म्हणजे चॅटबॉट जणू आपल्या कृतीला आपणच जबाबदार असलेली वेगळी व्यक्ती आहे, असं न्यायाधिकरणाने त्याचं वर्णन केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते धुडकावलं. चॅटबॉट हा कंपनीच्या वेबसाइटचाच भाग, असं सांगून सुमारे ८०० कॅनेडियन डॉलर भरायला लावले.

आपल्याकडे बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या यांचे चॅटबॉट आले आहेत. त्यांपैकी कुणी काही कबूल केलं, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्राहक आयोगात तोच दाखवावा लागेल. चॅटबॉटला साक्षीला बोलावता येत नाही.